तेलाचा लाल दिवा खरं बोलतोय का? ऑइल प्रेशर स्विच घरी बदलताना, आणि त्याआधी

माझ्या मावसभावाचं शेत सांगलीजवळ आहे. उसाच्या हंगामात तिथल्या शेतरस्त्यांवर ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा दगडासारखा कडक होतो. एकदा त्याच्या छोट्या पेट्रोल गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, त्या उंचवट्याला घासला. तेल गळलं नाही म्हणून कोणी वाकून पाहिलं नाही. दोन दिवसांनी डॅशबोर्डवरचा झारीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकायला लागला. गावातल्या गॅरेजात गाडी नेली तर नुसतं ऐकूनच निदान झालं, "सेन्सर गेलाय." म्हणजे तेलाचा दाब पडला की हा दिवा लावणारा ऑइल प्रेशर स्विच. नवा बसवला, पण दिवा तसाच. मग तो नवाही डुप्लिकेट ठरला आणि दुसरा मागवला. तो येईपर्यंत गाडी चार दिवस पळत राहिली. पाचव्या दिवशी इंजिन खडखडायला लागलं. इंजिन उतरवलं तेव्हा कळलं की चेंबरचा तळ आत चेपून तेल ओढणाऱ्या गाळणीला टेकला होता. पंपाला पुरेसं तेलच मिळत नव्हतं, आणि बिग एंडची, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडला जातो तिथली, बेअरिंगं खाऊन गेली होती. जुना स्विच आणि नवा स्विच, दोघेही पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते.

त्यानंतर या स्विचबद्दल मला कोणी विचारलं की मी आधी हीच गोष्ट सांगतो. तो बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते घरी करता येतं. पण त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करण्याआधी त्याची साक्ष तपासली पाहिजे. म्हणून हातात पाना घेण्याआधी हा लेख थोडा वेळ इंजिनाच्या आत रेंगाळणार आहे.

इंजिनाच्या तळाशी जे भांडं असतं, ज्याला आपण चेंबर म्हणतो, त्यात तीन-चार लिटर तेल असतं. पंप ते गाळणीतून वर ओढतो आणि ऑइल फिल्टरमधून ब्लॉकच्या आत कोरलेल्या वाटांमध्ये ढकलतो. त्या वाटांनी ते आधी क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मुख्य बेअरिंगांपर्यंत जातं, क्रँकमधल्या भोकांतून बिग एंडपर्यंत जातं, आणि शेवटी वर हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत चढतं. तिथून खाली ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येतं. आपला स्विच बहुतेक गाड्यांत फिल्टरच्या आसपास, या वाटेच्या सुरुवातीच्या भागात बसवलेला असतो. हे लक्षात ठेवा, कारण वाटेच्या सुरुवातीला तेल आलं म्हणजे शेवटच्या टोकालाही पोचलं, असं होत नाही.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट साधारण दोन ते पाच शतांश मिलिमीटर असते. माणसाचा केस त्याहून जाड असतो. एवढ्याशा फटीत तेलाचा थर टिकतो आणि त्या थरावर क्रँक अक्षरशः तरंगत फिरते. पण हा थर पंपाच्या जोरावर टिकत नाही, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. इंग्लंडमध्ये बोचॅम्प टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वर अर्धगोल बेअरिंग, अशी मांडणी होती. वरून तेल सोडता यावं म्हणून त्याने बेअरिंगला माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल उलट बाहेरच यायला लागलं. त्याने भोकात लाकडी खुंटी ठोकली. ती खुंटीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग त्याने तिथे दाब मोजायचं घड्याळ लावलं, आणि २०० पीएसआयपर्यंतचं ते घड्याळ काट्याच्या टोकाला जाऊन थांबलं. हे निष्कर्ष १८८३ साली प्रसिद्ध झाले. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेतो, आणि तिथे तेल पाचरीसारखं अडकून वजन उचलतं, हे गणिताने समजावून सांगितलं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी, १८८६ मध्ये.

म्हणजे पंपाचं काम वजन उचलायचं नाही. त्याचं काम पाणक्याचं. पाचर तयार व्हायला जेवढं तेल लागतं तेवढं प्रत्येक फटीपर्यंत अखंड पोचवत राहायचं. बैलगाडीच्या आसाला वंगण एकदा लावलं की काही कोस चालायचं, कारण चाक सावकाश फिरायचं आणि तेल जायचं कमी. इथे क्रँक मिनिटाला तीन हजार फेरे मारते आणि तेल फटीच्या कडांनी सतत बाहेर पडत असतं. पुरवठा तुटला की पाचर मोडते आणि धातूला धातू लागतो. त्यानंतर नुकसान व्हायला तास लागत नाहीत, मिनिटं पुरतात.

आता स्विचकडे येऊ. जुन्या आणि साध्या गाड्यांतला ऑइल प्रेशर स्विच म्हणजे अंगठ्याएवढी लोखंडी डबी. एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला एका वायरची पिन. आत एक पातळ पडदा आणि त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेला विजेचा संपर्क. चावी फिरवली की वीज दिव्यातून, वायरीतून स्विचमध्ये येते आणि स्विचच्या आट्यांमधून ब्लॉकच्या धातूत जाते. वर्तुळ पूर्ण होतं आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की तेल पडद्याला ढकलतं, संपर्क सुटतो, दिवा विझतो. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा लागतो तो उगाच नाही. बल्ब, वायर आणि स्विच ठीक असल्याची ती रोजची हजेरी आहे. ज्या दिवशी तो लागणारच नाही त्या दिवशी सुटकेचा श्वास सोडू नका. त्या दिवसापासून इंजिनावर पहारा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा स्विच किती दाबाला उघडतो हे कळलं की दिव्याकडे बघायची नजरच बदलते. बहुतेक साधे स्विच ०.३ ते ०.५ बार, म्हणजे साधारण चार ते सात पीएसआयला उघडतात. तुमच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. छोटं पेट्रोल इंजिन गरम असताना, आयडलला (अॅक्सिलरेटर न देता नुसतं चालू असताना), एक बारच्या आसपास दाब देतं आणि तीन-चार हजार फेऱ्यांना साधारण तीन ते चार बार. म्हणजे वेगात दाब चारवरून एकवर कोसळला तरी दिवा गप्पच राहणार. लाल दिवा ही धोक्याची पहिली सूचना नसते, ती जवळजवळ शेवटची असते. म्हणून तो गाडी चालवताना लागला तर नियम एकच: बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग विचार करा. "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ" हा विचार करू नका.

काही गाड्यांत डॅशबोर्डवर दाबाचा काटा असतो. त्यांचा सेन्सर दाबानुसार विजेला होणारा विरोध बदलतो, नुसता चालू-बंद होत नाही. नव्या गाड्यांत तीन पिनांचा सेन्सर असतो. त्याला पाच व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि तो आपली नोंद थेट इंजिनाच्या संगणकाला देतो. काही इंजिनांत तर कमी दाबासाठी एक आणि जास्त दाबासाठी एक असे दोन स्विच असतात. पुढे वायर ब्लॉकला टेकवून बघायची जी चाचणी सांगतोय ती फक्त एका वायरच्या साध्या स्विचसाठी आहे. तीन पिनांच्या सेन्सरवर ती करू नका, तिथे स्कॅनर लावूनच नोंद वाचायची.

साक्ष तपासायची कशी

पहिलं काम अर्थातच डिपस्टिक. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहायची. घाटातल्या वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर लागून विझत असेल तर दहातल्या नऊ वेळा तेल कमी असतं. तेल एका बाजूला सरकतं आणि गाळणी उघडी पडते. दुसरं, वाकून चेंबरचा तळ बघा. चेपलेला दिसला तर स्विच विसरून जा. भावाच्या गाडीत हे बघायला कोणालाही दोन मिनिटं लागली असती.

मग स्विचची पिन. कनेक्टर ओढून काढा आणि आत पाहा. आत तेल असेल तर पडदा फाटलाय. हा स्विच नक्कीच बदलायचा, चाचणीची गरज नाही. अशा वेळी तेल वायरीच्या आतून वर चढत जातं आणि पुढचे जोड खराब करतं, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

पिन कोरडी असेल तर इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा. कनेक्टर सुटा लोंबत असताना दिवा बंद असायला हवा. चालूच राहिला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकतेय, स्विचचा दोष नाही. आता एक छोटी वायर घेऊन कनेक्टरची पिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला टेकवा. दिवा लागला पाहिजे. लागला, पण स्विच जोडल्यावर लागत नसेल, तर स्विच आतून मेलाय. टेकवूनही लागला नाही तर बल्ब, फ्यूज किंवा वायर शोधा.

उरतो सर्वांत अवघड प्रकार. इंजिन चालू असताना दिवा जळतो किंवा गरम इंजिनाला आयडलला लुकलुकतो, थोडा अॅक्सिलरेटर दिला की विझतो, पिन कोरडी आहे, वायर ठीक आहे. इथे विजेची कोणतीही चाचणी उत्तर देऊ शकत नाही. स्विच लवकर ओरडतोय की दाब खरंच पडलाय, हे फक्त दाब मोजूनच कळतं. पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा पातळ तेल भरलंय, फिल्टर हलक्या दर्जाचा आहे, पंपाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, तेल वेळेवर न बदलल्याने गाळणीवर काळा गाळ साचलाय, किंवा बेअरिंगं झिजून फटी वाढल्यात. यातलं काहीही असू शकतं. स्विच काढून त्याच भोकात काट्याचं साधं प्रेशर गेज बसवायचं, इंजिन गरम करायचं, आयडलला आणि तीन हजारावर दाब वाचायचा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. गेज चढत नसेल तर इंजिन लगेच बंद. ज्याच्याकडे असं गेज आहे आणि जो ते लावायचा कंटाळा करत नाही, तो मेकॅनिक सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. गेज लावून द्यायला पैसे मागत असेल तर आनंदाने द्यावेत.

आता प्रत्यक्ष काम

नवा स्विच गाडीच्या मॉडेल आणि इंजिनाप्रमाणेच घ्या. छोट्या गाड्यांचा स्विच काही शे रुपयांत मिळतो. "हाच बसतो सगळ्यांना" यावर जाऊ नका, त्याचं कारण आट्यांत आहे. जपानी वळणाच्या इंजिनांत साधारण एक अष्टमांश इंची बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचे) निमुळते आटे असतात, इंचाला २८. अमेरिकी वळणाच्या इंजिनांत तेवढेच एनपीटी (अमेरिकी पाइप मापाचे), इंचाला २७. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पहिले दोन फेरे बसतातही, आणि मग पाना ब्लॉकचे आटे कापायला लागतो. युरोपीय गाड्यांत बऱ्याचदा सरळ, मिलिमीटरमधले आटे आणि खाली वॉशर असतो. जुना आणि नवा स्विच शेजारी धरून आटे एकमेकांत बसवून बघा. उजेडात फट दिसायला नको.

बसवण्याआधी नवा स्विच तपासायची एक युक्ती आहे. मल्टिमीटर विजेची वाट जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर ठेवा; एक टोकणी पिनेवर, दुसरी आट्यांवर. दाब नसताना मीटर वाजला पाहिजे. मग रबरी नळीचा तुकडा आट्यांवर घट्ट चढवून सायकलच्या पंपाने हळूच हवा द्या. पाच-सहा पीएसआयलाच आवाज थांबतो. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला हे करायला बसवा. डॅशबोर्डमागे काय चालतं ते त्याला कायमचं समजेल.

इंजिन कोमट होऊ द्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अनेकदा हाताच्या वाटेतच असतं आणि त्याचा चटका वाईट. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण स्टार्टरची जाड वायर जवळ असू शकते आणि लोखंडी पाना तिला टेकला तर ठिणगी उडते. काही गाड्यांत स्विच बोनेट उघडून वरून हाताला येतो, काहींत फिल्टरच्या मागे खालून. खालून जायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही शिरू नका. घोडे (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा, हलवून बघा, मगच आत जा. घोडे नसतील तर हे काम रॅम्प असलेल्या गॅरेजात करा.

स्विचभोवतीची माती ब्रशने आणि चिंधीने नीट साफ करा, नाहीतर स्विच निघाला की ती थेट तेलाच्या वाटेत पडते. कनेक्टरची कुंडी दाबून तो ओढा. वायर धरून ओढू नका. स्विचला खोल सॉकेट लागतं, ज्याला गॅरेजात गोटी म्हणतात. बऱ्याच गाड्यांत २४ किंवा २७ मिलिमीटरचं चालतं, पण आधी मोजून घ्या. साधा पाना तिरका बसतो आणि डबीचे कोपरे गोल करतो. खाली भांडं धरून डावीकडे फिरवा. इंजिन बंद असल्याने दाब नसतो, दोन-चार चमचे तेल येईल, तेवढंच.

भोकाचे आटे स्वच्छ पुसा. नव्या स्विचच्या आट्यांवर रंगीत लेप आधीच असेल तर वर काहीही लावू नका. लेप नसेल, आटे निमुळते असतील आणि तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगत असेल, तर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने एक-दीड वेढा द्या, पण टोकाचे पहिले दोन आटे उघडे ठेवा. टेपची चिंधी तुटून आत गेली तर ती तेलाच्या बारीक भोकात जाऊन बसते. जाड वेढे दिले तर आणखी एक अडचण होते: स्विचची वीज आट्यांमधूनच ब्लॉकमध्ये जाते, ती वाट बंद होऊ शकते. मग दाब नसतानाही दिवा लागत नाही, आणि मालकाला वाटतं काम फत्ते झालं. वॉशरवाल्या सरळ आट्यांना टेप नको, नवा वॉशर हवा.

पहिले तीन-चार फेरे बोटांनीच. अडखळलं तर मागे घ्या, पुन्हा सरळ धरा. मग पाना. किती कसायचं याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, अनेक छोट्या इंजिनांत तो १४-१५ न्यूटन-मीटरच्या आसपास. हे फार कमी आहे. वीतभर दांड्याच्या टोकाला सात किलोची पिशवी अडकवावी, एवढाच जोर. निमुळते आटे पाचरीसारखे बसतात, आणि अॅल्युमिनियमचा ब्लॉक असेल तर "अजून थोडा" म्हणताना त्याला तडा जातो. इथे हाताच्या ताकदीपेक्षा टॉर्क पाना खरा.

कनेक्टरमधलं जुनं तेल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवा, खट् आवाज येईपर्यंत बसवा, बॅटरी जोडा. सांडलेलं तेल पुसून टाका, म्हणजे नवी गळती लगेच दिसेल. चावी फिरवा: दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू करा, अॅक्सिलरेटर देऊ नका: दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर इंजिन बंद करा आणि तिसरा स्विच आणायला न जाता गेज लावा. विझला तर इंजिन गरम होऊ द्या, टॉर्चच्या उजेडात स्विचची मुळं बघा, तेलाची पातळी पाहून भर घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बोट फिरवून बघा, कोरडं लागलं पाहिजे.

भांड्यात जमलेलं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. बाटलीत भरून ज्या गॅरेजात जुनं तेल ड्रममध्ये साठवतात तिथे द्या. जुना स्विच मात्र ठेवा. व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने दुमडलेल्या कडेजवळून कापा. आत नाण्याएवढा पडदा, एक स्प्रिंग आणि पितळेचा संपर्क दिसेल. पडदा कडेला भेगाळलेला असेल तर तेल पिनेपर्यंत कसं आलं ते कळेल. पडदा शाबूत असेल आणि संपर्क चकचकीत असेल, तर गाडी बाहेर काढण्याआधी गेज लावा.